उजवीकडे वळवा, थोडं उचला

लिस्बनचा नकाशा मी जेवणाच्या टेबलावर पसरला.
एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी,
दुसऱ्यावर मोरेश्वरचा चष्मा.
सात टेकड्यांवर वसलंय म्हणे.
"आपलं सात बेटांवर," तो म्हणाला,
"सगळी बुजवली, तरी माझे गुडघे दुखतातच."

माहीमला, चर्चच्या पलीकडच्या बोळात,
जिन्याखालच्या सहा बाय चारच्या जागेत
एकेचाळीस वर्षं चाव्या कापतोय हा माणूस.
मी किल्ली म्हणते, माहेरचा शब्द.
तो चावी म्हणतो.
यावरून लग्नाच्या पहिल्या वर्षी
दोन दिवस अबोला धरला होता आम्ही.
आता कळलं, चावी तिकडूनच आली,
गलबतातून, पाव आणि पगाराच्या सोबतीनं.
"बघ," तो म्हणाला. एवढंच. पण दिवसभर शीळ घालत होता.

तारखा ठरेनात.
मार्चमध्ये सोसायटीचं ऑडिट, एप्रिलमध्ये भाचीचं लग्न,
मे महाग.
मी म्हटलं, दिवाळीत?
तो हातातली कानस खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला.
दिवाळीत लोक गावाला जातात.
कुलपं तेव्हाच खपतात.
आख्ख्या माहीमच्या सुट्ट्या
या माणसानं बंद करून दिल्या आहेत,
दोनदा ओढून, हिसका देऊन, खात्री करून.
शेवटी नवरात्रानंतरचा आठवडा धरला.

व्हिसाला बँकेचे सहा महिन्यांचे कागद,
तीन वर्षांचे रिटर्न,
आणि मालकाचं रजापत्र.
रात्री साडेदहाला बसून त्यानं दुकानाच्या लेटरहेडवर लिहिलं:
श्री. मोरेश्वर यांची नऊ दिवसांची रजा
मंजूर करण्यात येत आहे.
खाली सही, मोरेश्वर.
शिक्का मारला, फुंकर घालून शाई वाळवली
आणि ते पत्र स्वतःच्या हातात दिल्यासारखं
थोडा वेळ धरून ठेवलं.

भेटीचं प्रयोजन, असा एक रकाना होता.
मी 'पर्यटन' लिहिलं.
ज्यांनी आपली मुंबई
लेकीच्या हुंड्यात देऊन टाकली,
त्यांच्या दारी चाललोय आम्ही,
पाहुणे म्हणून, स्वखर्चानं.
पण एवढं मावत नव्हतं त्या चौकटीत.

राहायची जागा मीच शोधली.
नदीजवळ, निळ्या फरशांची भिंत,
लिफ्ट, गरम पाणी, खाली बेकरी.
संध्याकाळी त्याला वाचून दाखवत होते:
आगमनाच्या दिवशी चार आकडी कोड पाठवण्यात येईल.
"कोड कशाचा?"
दाराचा.
"आणि चावी?"
चावी नाही.

तो काही बोलला नाही.
ताटातला भात संपवला, ताट घासलं,
खिडकीशी उभा राहून
समोरच्या नव्या टॉवरच्या गेटकडे बघत राहिला.
तिथे लोक अंगठा टेकवून आत जातात.
गेल्या महिन्यात दुकानात
दिवसाला चार, कधी तीन गिऱ्हाइकं.
हे त्यानं सांगितलं नव्हतं.
वहीत बघितलं मी.

बारापर्यंत रद्द केलं तर पैसे परत मिळणार होते.
अकरा पन्नासला रद्द केलं.

मग शोधत बसले दीडपर्यंत,
लोक ज्या जागांना नावं ठेवतात
त्याच जागा उघडून.
एक सापडली. चौथा मजला, लिफ्ट नाही,
जिना अरुंद, बाथरूमचं दार लागत नाही.
खाली कुणा बाईनं चिडून लिहिलेलं,
फोननं मराठी करून दिलं, धेडगुजरी:
कुलूप फार प्राचीन. चावी अडकते.
उजवीकडे वळवा, थोडं उचला,
मग ढकला. आम्ही वीस मिनिटे बाहेर.

त्याला उठवलं.
चष्मा नकाशावरच राहिला होता,
म्हणून फोन लांब धरून त्यानं वाचलं.
परत वाचलं.
"लिव्हर झिजलाय," तो म्हणाला,
"उचलायची गरजच नाही.
बारीक कानस घेतली पाहिजे बरोबर."

मी म्हटलं, विमानात चालणार नाही.
"मोठ्या बॅगेत चालेल,"
आणि कुशीवर वळला.
चार मजले, मी म्हटलं, तुझे गुडघे.

झोपला होता.